अॅम्प्लिफायरची पेटी : रंग कोठे द्यावा, कोठे देऊ नये

शाळेच्या विज्ञान मंडळात किंवा घरच्या टेबलावर स्वतः अॅम्प्लिफायर जुळवणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. मंडल जुळते, स्पीकरमधून गाणे ऐकू येते, आणि मग प्रश्न येतो तो पेटीचा. बहुतेक वेळा हे काम सर्वांत शेवटी आणि घाईने उरकले जाते. पत्रा वाकवला, भोके पाडली, हाताला लागेल तो रंग फासला, की झाले! काही दिवसांनी कोपऱ्यावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटू लागतो. झाकणाजवळ हात नेला की स्पीकरमधली गुणगुण वाढते. हे दोन दोष दिसतात किंवा ऐकू येतात, म्हणून लक्षात तरी येतात. परंतु अशा पेटीत तिसराही एक दोष असू शकतो. तो दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि तो जिवावर बेतू शकतो.

या तिन्ही दोषांचे मूळ एकाच ठिकाणी आहे : पत्र्याच्या अगदी वरच्या थरात. तो थर कशाचा आहे आणि तो कसा वागतो हे समजले, म्हणजे पेटीला रंग कसा द्यावा हे कळते; तसेच तो कोठे देऊ नये हेही कळते. ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

पेटी धातूची का?

मायक्रोफोनकडून येणारा विद्युत् संकेत व्होल्टच्या काही सहस्रांश भागाएवढाच असतो. याउलट भिंतीतून जाणाऱ्या तारांवर २३० व्होल्ट दाब असतो आणि त्याची दिशा सेकंदाला ५० आवर्तने या गतीने बदलत असते. या तारांचे विद्युत् क्षेत्र अॅम्प्लिफायरच्या नाजूक भागापर्यंत पोचले, तर तेथेही त्याच आवर्तनांचा अत्यल्प दाब निर्माण होतो. अॅम्प्लिफायर तो इमानाने वाढवतो, आणि आपल्याला गुणगुण ऐकू येते.

यावरचा उपाय मायकेल फॅराडे यांच्या एका प्रयोगात सापडतो. १८३६ साली त्यांनी सुमारे बारा फूट लांब, रुंद व उंच असा सांगाडा तयार करून त्याला धातूचे आवरण चढवले, आणि ते स्वतः आत जाऊन बसले. बाहेरून त्या खोलीला जोरदार विद्युत् भार दिला गेला, तरी आतल्या संवेदनक्षम उपकरणांना त्याचा पत्ता लागला नाही. धातूच्या अखंड आवरणाच्या आत बाहेरचे विद्युत् क्षेत्र शिरत नाही. आपली पेटी म्हणजे या खोलीची छोटी आवृत्ती होय.

यातील ‘अखंड’ हा शब्द ध्यानात ठेवा. तळ आणि झाकण नुसते एकमेकांवर बसून भागत नाही. त्यांच्यात विद्युत् संपर्क हवा. सुटे झाकण हे आवरण न राहता गुणगुण गोळा करणारा पत्रा बनते.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा विद्युत् क्षेत्र अडवतो, पण ट्रान्सफॉर्मरचे ५० आवर्तनांचे चुंबकीय क्षेत्र त्याला फारसे अडवता येत नाही. म्हणून ट्रान्सफॉर्मर पेटीच्या एका टोकाला आणि संकेत आत येण्याची जागा दुसऱ्या टोकाला ठेवावी.

तरीही हौशी कारागीर अॅल्युमिनियमच पसंत करतात, कारण तो हलका असतो. एक घन सेंटिमीटर लोखंडाचे वजन सुमारे ७.८ ग्रॅम, तर तेवढ्याच अॅल्युमिनियमचे २.७ ग्रॅम. शिवाय तो साध्या करवतीने कापता येतो आणि लोखंडासारखा गंजत नाही.

न दिसणारा थर

‘अॅल्युमिनियम गंजत नाही’ असे आपण म्हणतो. खरी गोष्ट नेमकी उलट आहे. अॅल्युमिनियमला ऑक्सिजनची इतकी ओढ असते की ताजा कापलेला पृष्ठभाग हवेत उघडा पडताक्षणीच त्याच्यावर ऑक्साइडचा थर धरतो. हा थर दोन ते चार नॅनोमीटर जाडीचा असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! एवढा पातळ आणि पारदर्शक असल्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही.

मग लोखंडाप्रमाणे अॅल्युमिनियम गंजून का जात नाही? धातूचे ऑक्साइड होताना त्याचे आकारमान बदलते. अॅल्युमिनियमच्या बाबतीत ते सुमारे १.२८ पट होते. त्यामुळे ऑक्साइड धातूवर घट्ट, बिनफटीचे बसते आणि खालच्या धातूपर्यंत हवा पोचू देत नाही. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. त्याला जागा पुरत नाही, तो फुगून सुटतो, आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते.

अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचे दोन गुण आपल्या कामाचे आहेत. एक, ते अतिशय कठीण असते. दोन, ते विजेचे दुर्वाहक असते. या दुसऱ्या गुणाचा पुरावा अॅम्प्लिफायरच्या आतच सापडेल. वीजपुरवठ्याच्या भागात जो नळकांड्यासारखा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतो, त्यात अॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर मुद्दाम वाढवलेला ऑक्साइडचा थरच वीज अडवून धरण्याचे काम करतो. थोडक्यात, पेटीतल्या कंडेन्सरमध्ये जो पदार्थ वीज अडवण्यासाठी वापरला आहे, तोच पदार्थ पेटीच्या पृष्ठभागावरही आहे. तेथे तो फार पातळ असल्यामुळे मल्टिमीटरची टोकदार सळई त्याला सहज भेदते, एवढेच.

पत्रा तयार करणे

साहित्य : १.५ मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा, कानस, २४० व ४०० नंबरचा वॉटरपेपर, लाकडाचा सपाट ठोकळा, भांडी घासण्याचा साबण, स्वच्छ सुती फडके, रंगाच्या कामात वापरतात ती कागदी चिकटपट्टी, अॅल्युमिनियमला चालणारा प्रायमर, रंग आणि मल्टिमीटर.

१. कापणे, वाकवणे व भोके पाडणे ही सर्व कामे आधी पुरी करावीत. रंग दिल्यावर पाडलेल्या भोकाभोवतीचा रंग उचकटतो. भोकाच्या कडेला जी धारदार कोर उभी राहते, ती मोठ्या मापाचे ड्रिल नुसत्या हाताने दोनतीनदा फिरवून काढून टाकावी.

२. पत्र्याच्या कडा व कोपरे कानशीने किंचित गोल करावेत. हाताला कापू नये, एवढ्यासाठीच हे करायचे नाही. ओला रंग हा द्रव आहे, आणि पृष्ठताणामुळे द्रव धारदार कडेवरून मागे सरकतो. त्यामुळे कडेवर रंगाचा थर सर्वांत पातळ राहतो आणि तेथूनच तो आधी सुटतो. कोपऱ्यावरचा रंग आधी का जातो, याचे हे एक कारण.

३. पत्रा साबण लावून कोमट पाण्याने धुवावा. घासण्यापूर्वी धुणे आवश्यक आहे, कारण तेलकट पत्रा घासला तर तेल नव्या ओरखड्यांत भरले जाते.

४. वॉटरपेपर ठोकळ्याला गुंडाळून, पाणी लावून पत्रा घासावा. आधी २४० नंबरचा, मग ४०० नंबरचा. नुसत्या बोटांनी घासल्यास बोटांखाली खळगे पडतात, म्हणून ठोकळा हवा. बारीक ओरखड्यांमुळे रंगाला चिकटण्यासाठी अधिक पृष्ठभाग मिळतो. ओले घासल्याने धातूची धूळ हवेत उडून नाकात जात नाही, हा आणखी एक फायदा. दर्शनी पट्टी रंग न देता तशीच ठेवायची असेल, तर शेवटचे सर्व हात एकाच दिशेने, पट्टीच्या लांबीला समांतर मारावेत.

५. पत्रा पुन्हा साबणाने धुवावा आणि भरपूर पाण्याने खळबळून काढावा. आता त्याला फक्त कडांना धरून उचलावे. बोटाचा एक ठसाही तेलकट असतो.

पत्रा खरोखर स्वच्छ झाला का, हे पाण्यालाच विचारावे. तो आडवा धरून त्यावर पाणी ओतावे आणि मग तिरपा करावा. पाण्याचा सलग पापुद्रा पसरून राहिला, तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. पाणी कोठे तुटले, त्याचे थेंब झाले, तर तेथे तेलाचा अंश आहे. ही परीक्षा कारखान्यांतही वापरतात. पाण्याला स्वच्छ धातू-ऑक्साइडचे आकर्षण असते, तेलाचे नसते. म्हणून अळूच्या पानावर होतात तसे थेंब तेलकट पत्र्यावरही होतात.

कारखान्यात पत्रा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवूनही साफ करतात. सोडा ऑक्साइडचा थर विरघळवतो आणि मग धातूलाही खाऊ लागतो. या क्रियेत ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो, आणि द्रावणाचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. आपल्या कामाला साबण आणि वॉटरपेपर पुरेसे आहेत. हा प्रकार घरी करू नये.

प्रायमर आणि रंग

साधा तैलरंग अॅल्युमिनियमवर थेट दिला तर फार काळ टिकत नाही. मध्ये दोन्हींना धरून ठेवणारा थर लागतो, तोच प्रायमर. अॅल्युमिनियमसाठीच्या काही प्रायमरांत थोडे फॉस्फरिक आम्ल असते. ते पृष्ठभागावर अल्पशी रासायनिक क्रिया करून घट्ट बसते. पूर्वी या कामाला झिंक क्रोमेट असलेला पिवळसर प्रायमर वापरत. क्रोमेटमुळे कर्करोग होतो हे आता सिद्ध झाले आहे. म्हणून जुन्या डब्यातला असा प्रायमर वापरू नये, आणि जुन्या यंत्रावरचा तसा थर घासूही नये. झिंक फॉस्फेटचे प्रायमर मिळतात, ते घ्यावेत.

प्रायमर देण्यापूर्वी पुढील जागांवर कागदी चिकटपट्टी लावून त्या झाकाव्यात : भूसंपर्काच्या बोल्टभोवतीची आतली जागा, आणि झाकण व तळ जेथे एकमेकांना टेकतात त्या पट्ट्या. याचे कारण पुढे येईल.

फवाऱ्याचा डबा पत्र्यापासून २० ते २५ सेंटिमीटर अंतरावर धरून पातळ हात द्यावेत. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात चांगले. जाड थर वरून लवकर वाळतो, आत ओला राहतो, आणि ओघळतो. काम मोकळ्या हवेत, आगीपासून दूर करावे.

पावसाळ्यात एक चमत्कार दिसतो. लॅकरचा चकचकीत थर वाळताना एकाएकी दुधी पडतो. दोष रंगाचा नसतो. थिनरची वाफ होताना तो पृष्ठभागाची उष्णता शोषून घेतो. माठातले पाणी गार होते त्याच कारणाने पत्राही गार होतो. दमट हवेतील बाष्प त्या गार थरावर जमते आणि ओल्या रंगात अडकते. म्हणून लॅकरचे काम कोरड्या दिवशी, दुपारी करावे.

बटणांची नावे रंग वाळल्यावर उमटवावीत आणि वरून पारदर्शक लॅकरचा पातळ हात द्यावा. तो आधी तुकड्यावर देऊन पाहावा. काही लॅकर अक्षरांची शाई विरघळवतात.

विजेच्या साहाय्याने वाढवलेला थर

काही अॅम्प्लिफायरांची दर्शनी पट्टी काळी किंवा सोनेरी असते, पण नखाने खरवडून तिचा रंग निघत नाही. हे अॅनोडायझिंग होय. येथे वरून काही फासलेले नसते. धातूचाच ऑक्साइडचा थर विजेने वाढवलेला असतो.

सौम्य गंधकाम्लात अॅल्युमिनियमची वस्तू धनाग्र म्हणून टांगतात आणि सुमारे १२ ते २० व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह सोडतात. ऋणाग्रापाशी हायड्रोजन निघतो, आणि वस्तूवर ऑक्साइड वाढू लागते. ५ ते २५ मायक्रॉन जाडीचा थर अशा रीतीने मिळतो. एक मायक्रॉन म्हणजे एक हजार नॅनोमीटर. तेव्हा हा थर नैसर्गिक थराच्या काही हजारपट जाड झाला. १९२३ साली ब्रिटनमध्ये समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी क्रोमिक आम्ल वापरून अशी पद्धत प्रथम अमलात आणली गेली. गंधकाम्लाची पद्धत त्यानंतरची.

या थरात मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांत रंगद्रव्य भरते. नंतर वस्तू जवळजवळ उकळत्या पाण्यात ठेवली की ऑक्साइड पाणी घेऊन फुगते, छिद्रांची तोंडे मिटतात, आणि रंग आत कोंडला जातो. आम्ल, वीज व हायड्रोजन यांचा येथे एकत्र संबंध येत असल्याने हे काम घरी न करता अॅनोडायझिंगच्या कारखान्यातून करून घ्यावे.

अॅम्प्लिफायरमधील ट्रान्झिस्टर थंड ठेवणारे पंख्यांसारखे भागही बहुधा अॅनोडाइज केलेले असतात. चकचकीत धातू उष्णतेचे प्रारण फार कमी करतो, ऑक्साइडचा थर पुष्कळ अधिक करतो. मात्र हा थर दुर्वाहक आहे म्हणून त्यावर ट्रान्झिस्टर थेट बसवू नये. २एन३०५५ सारख्या ट्रान्झिस्टरमध्ये धातूचे कवच हेच कलेक्टर असते. थराला एक ओरखडा पडला तरी कलेक्टर पेटीला जोडला जाईल. म्हणून मध्ये अभ्रकाची चकती घालतात.

जेथे रंग नको

आता त्या तिसऱ्या, न दिसणाऱ्या दोषाकडे वळू.

तीन पिनांच्या प्लगमधील जाड व लांब पिन भूसंपर्काची असते. ती लांब ठेवण्यात हेतू आहे : प्लग लावताना भूसंपर्क सर्वांत आधी जोडला जावा आणि काढताना सर्वांत शेवटी तुटावा. तिच्याशी जोडलेली हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार पेटीला पक्की जोडायची असते. समजा, आत वीजयुक्त तार सुटून पेटीला टेकली. भूसंपर्क चांगला असेल, तर तारेतून जमिनीकडे प्रचंड प्रवाह वाहतो, फ्यूज तत्काळ वितळतो, आणि पेटी निर्धोक होते.

पण समजा, भूसंपर्काची तार रंगाच्या थरावर बोल्टने आवळली आहे. बाहेरून सर्व ठाकठीक दिसते. तार आहे, बोल्ट आहे, तो घट्टही आहे. मात्र तार आणि पेटी यांच्यामध्ये दुर्वाहकाचा पापुद्रा आहे. आता वीजयुक्त तार पेटीला टेकली तर फ्यूज वितळणार नाही. अॅम्प्लिफायर गातच राहील, आणि पेटीवर २३० व्होल्ट दाब असेल. स्पर्श करणाऱ्याच्या शरीराचा रोध १,००० ते २,००० ओहम धरला, तर त्यातून ०.१ ते ०.२ अँपिअर प्रवाह जाईल. एवढा प्रवाह हृदयाचे ठोके बिघडवून प्राण घेऊ शकतो. घरात जे प्राणरक्षक आरसीसीबी बसवतात, ते ०.०३ अँपिअर गळतीलाच वीज तोडतात, यावरून धोक्याची कल्पना यावी. तथापि भूसंपर्क नसेल, तर त्यालाही गळती कळते ती माणसाच्या शरीरातून प्रवाह गेल्यावरच.

अॅनोडाइज केलेली पेटी तर अधिक फसवी. तेथे रंग दिसतो, पण धातूच दिसल्यासारखे वाटते. दहा मायक्रॉनचा तो थर शंभराहून अधिक व्होल्ट अडवू शकतो.

म्हणून भूसंपर्काची जोडणी पुढीलप्रमाणे करावी. बोल्टभोवतीची आतली जागा वॉटरपेपरने घासून चकचकीत धातू उघडा करावा. तारेला कल्हई केलेला टॅग लावावा. तांब्याची उघडी तार अॅल्युमिनियमवर थेट दाबू नये, कारण ओल लागली की या दोन धातूंचा विद्युत् घट होतो आणि अॅल्युमिनियम झिजते. कोकणपट्टीच्या खारट, दमट हवेत हे लवकर घडते. टॅगखाली दातेरी वॉशर घालावा. त्याचे दात नव्याने धरलेला ऑक्साइडचा थर भेदून धातूत रुततात. वर नट आवळून दुसऱ्या नटाने तो पक्का करावा आणि जोडावर व्हॅसलिनचा पातळ लेप द्यावा. हा बोल्ट फक्त भूसंपर्कासाठीच ठेवावा. टॅग थेट पेटीला डाग देऊन जोडण्याच्या खटपटीत पडू नये. साधे सोल्डर ऑक्साइडला चिकटत नाही, आणि ऑक्साइड वितळायला २,००० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते.

तपासणी

प्लग भिंतीतून काढून हातात घ्या. मल्टिमीटर सर्वांत कमी ओहमच्या पट्टीवर ठेवून त्याच्या दोन्ही सळया एकमेकींना टेकवा आणि आकडा टिपा. तो सळयांच्या तारांचा रोध होय. आता एक सळई भूसंपर्काच्या पिनेला आणि दुसरी पेटीच्या तळाच्या उघड्या धातूला लावा. नंतर झाकणाच्या उघड्या कडेला आणि प्रत्येक सुट्या पट्टीला लावून पाहा. प्रत्येक ठिकाणी जवळजवळ तोच आकडा आला पाहिजे. एका जागीही तो वाढला, तर तेथे पापुद्रा आहे. पट्टी सोडवा, घासा, पुन्हा जोडा. ही तपासणी पुरी होईपर्यंत प्लग भिंतीत लावू नये. पहिल्यांदा वीज जोडताना शिक्षक किंवा जाणता वीजतंत्री जवळ असावा. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये भार उरतो, हेही विसरू नये.

याच तपासणीने गुणगुणीचाही निकाल लागतो. झाकण व तळ यांच्यात संपर्क आला की पेटी अखंड झाली, आणि हात जवळ नेल्यावर आवाज वाढत नाही.

करून पाहा

१. स्वयंपाकघरातील अॅल्युमिनियमचे साधे पातेले आणि हार्ड अॅनोडाइज केलेली काळपट कढई घ्या. मल्टिमीटरच्या सळया दोन्हींच्या बाहेरच्या बाजूला हलकेच टेकवा. कोणत्या भांड्यातून वीज वाहते? कढईच्या मुठीच्या रिव्हेटावर काय आढळते?

२. पत्र्याच्या तीन पट्ट्या घ्या. पहिलीवर बोटे फिरवून तशीच रंगवा. दुसरी नुसती धुऊन रंगवा. तिसरी धुऊन, घासून, पुन्हा धुऊन, प्रायमर देऊन रंगवा. आठवड्यानंतर प्रत्येकीवर ब्लेडने एक मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या व सहा आडव्या चिरा पाडा. पंचवीस चौकोन होतील. त्यांवर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा आणि किती चौकोन उखडले ते मोजून तक्ता करा.

३. विचार करा : पेटीच्या प्लॅस्टिकच्या पायांमुळे पेटी जमिनीपासून अलग राहते. मग भूसंपर्काची तार कशाला हवी?